माप त्यांचे, चेहरा आपला

ओळखपत्रावरच्या छायाचित्राविषयी वाङ्मयीन मंडळाच्या त्रैमासिकात लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यातील काही ज्येष्ठ सभासद विचारतील, याची मला पूर्ण कल्पना आहे. संतसाहित्य, नाट्यसंगीत, बोलीतल्या म्हणी, जुन्या दिंड्यांच्या हकिकती हे अशा पानांचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीला हा साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा कागदाचा तुकडा का बसवावा? उत्तर साधे आहे. बेज्जूर आणि आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांतून आज कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाचे मतदान, तर कोणाच्या नातीचा परीक्षेचा अर्ज त्या तुकड्यापाशी अडतो. भाषा टिकावी म्हणून आपण व्याख्यानमाला भरवतो. पण ती भाषा बोलणारे माणूस ज्या कागदावर नोंदले जाते, त्या कागदाकडे मात्र तुच्छतेने पाहतो. ही तुच्छता आपल्याला परवडणारी नाही.

माझे म्हणणे प्रारंभीच मांडतो. ओळखीचे छायाचित्र हा मापांचा व्यवहार आहे. ती मापे ठरवण्याचा अधिकार सरकारचा. तो मला मान्य आहे. ती मापे आपण घरच्या घरी, घरच्या माणसाच्या हातून पुरी करावीत, आणि मापाच्या नावाखाली कोणी आपला पदर, कुंकू, सुरकुती किंवा सावळा रंग मागू लागला, तर तो द्यायला साफ नकार द्यावा. आज नेमके उलटे चालले आहे. मापे आपण जाणून घेत नाही, आणि चेहरा मात्र कोणाच्याही स्वाधीन करतो.

आपल्या भागातल्या माणसाला चेहऱ्याचे हे महत्त्व इतरांच्या आधी कळायला हवे होते. जरा हिशेब मांडून पाहा. १९०५ साली हा मुलूख स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा त्याचे ठाणे आसिफाबादेस होते. १९४१ साली ते आदिलाबादेस गेले. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. राजुरा आणि किनवट हे आपले शेजारी तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. २ जून २०१४ रोजी तेलंगणा झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे होऊन बेज्जूर आसिफाबादच्या नव्या जिल्ह्यात गेले आणि त्या जिल्ह्याला कुमरम भीमाचे नाव मिळाले. म्हणजे ज्या गृहस्थाचा जन्म १९४७ सालचा, त्याने आपल्या घराची एक वीटही न हलवता तीन राज्ये आणि दोन जिल्हे पाहिले. प्राणहिता होती तेथेच वाहत राहिली. पत्ते मात्र बदलत गेले.

नावाची कथा याहून करुण आहे. मराठी आडनाव आधी तेलुगू लिपीत जाते, तेथून रोमन लिपीत, आणि तेथून कधीतरी पुन्हा देवनागरीत परत येते. ‘ळ’ वाटेत कोठेतरी ‘ल’ होतो, ‘ठ’ चा ‘त’ होतो, वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसते. आजोबांच्या, वडिलांच्या आणि नातवाच्या कागदांवर एकाच आडनावाची तीन रूपे असणे आपल्याकडे नवलाचे राहिलेले नाही. जिवती आणि केरामेरीच्या मधल्या डझनभर वादग्रस्त गावांचे उदाहरण तर देशाला ठाऊक आहे. तेथे महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांची मतदार ओळखपत्रे आणि शिधापत्रिका एकाच घरात नांदत आल्या आहेत. राज्य दोन, जिल्हे दोन, यादीतले क्रमांक दोन. दोन्ही कार्डांवर चेहरा मात्र एकच. पत्ता फिरतो, नावाची वर्णलेखने फिरतात, जन्मतारीख शाळामास्तरांनी अंदाजाने टाकलेली असते. ज्याचे लिप्यंतर करावे लागत नाही असा एकच पुरावा आपल्यापाशी उरतो, तो चेहरा. आणि त्याच्याच बाबतीत आपण सर्वांत निष्काळजी आहोत.

आता हा चेहरा बिघडतो कसा, ते पाहू. अर्ज भरून देणाऱ्या दुकानांतून घडणारा प्रकार वाचकांच्या परिचयाचा आहे. माणसाला पांढऱ्या पडद्यासमोर बसवतात. कॅमेरा हे यंत्र समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मोजते आणि ती सरासरी मध्यम राखाडी रंगाशी जुळवू पाहते. दृश्याचा मोठा भाग पांढरा असला की यंत्राला वाटते, उजेड फार झाला. मग ते तो कमी करते. पडदा मळकट दिसू लागतो, आणि त्याच्यासमोरचा उन्हात रापलेला सावळा चेहरा काळवंडून जातो. डोळ्यांच्या खोबणी, नाकाची कड, ओठांची रेघ, सारे अंधारात बुडते. येथवर दोष उजेडाचा आणि यंत्राचा आहे. यापुढे माणसाचा दोष सुरू होतो. चेहऱ्यावर उजेड वाढवून दुसरे चित्र घेण्याऐवजी दुकानातला मुलगा संगणकावर तोच चेहरा उजळवतो, गालांवरून गुळगुळीतपणाचा बोळा फिरवतो, कपाळावरच्या आठ्या पुसतो. ‘काका, गोरे करून दिले’ असे कौतुकाने सांगतो, आणि काकाही खूश होतात.

या खुशीची किंमत पुढे मोजावी लागते. पारपत्राच्या छायाचित्राचे जगभरचे निकष आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना ठरवते. त्यांत त्वचेचा रंग नैसर्गिक दिसला पाहिजे, अशी स्पष्ट अपेक्षा आहे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते फेरफार केलेली छायाचित्रे स्वीकारत नाही. हा केवळ परदेशाचा प्रश्न नाही. चेहऱ्याची ओळख आता यंत्रे पटवू लागली आहेत. तेलंगणात २०१९ साली निवृत्तिवेतनधारकांची हयात मोबाईलवरील सेल्फीने पडताळण्याची सोय सुरू झाली. जानेवारी २०२० मध्ये कोंपल्ली नगरपालिकेच्या निवडणुकीत दहा मतदान केंद्रांवर चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेचा प्रयोग झाला. केंद्र सरकारच्या ‘जीवन प्रमाण’ योजनेत नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवून हयातीचा दाखला देता येतो. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी नेण्याच्या पोषण आहारासाठीही लाभार्थी मातेचा चेहरा यंत्राला दाखवावा लागतो. अशा काळात कागदावरचा गोरा गुळगुळीत गृहस्थ आणि यंत्रापुढे उभा राहिलेला सुरकुतलेला सावळा गृहस्थ यांचा मेळ बसला नाही, तर तक्रार कोणाची? ज्याने सुरकुत्या पुसल्या तो तर शंभर रुपये घेऊन मोकळा झालेला असतो.

यंत्र तरी निःपक्षपाती आहे काय? अनुभव तसे सांगत नाही. २०१६ साली न्यूझीलंडच्या पारपत्र यंत्रणेने आशियाई वंशाच्या एका तरुणाचे छायाचित्र ‘डोळे मिटलेले आहेत’ असे सांगून परत केले. त्याचे डोळे उघडे होते; यंत्राला ते तसे दिसले नाहीत. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण फार तर ०.८ टक्के होते. सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. २०२० साली बीबीसीने ब्रिटनच्या ऑनलाइन पारपत्र छायाचित्र-तपासणीची परीक्षा घेतली. छायाचित्र निकृष्ट आहे, असा शेरा सावळ्या स्त्रियांना शंभरात २२ वेळा, तर गोऱ्या पुरुषांना ९ वेळा मिळाला. हे आकडे मी विद्वत्तेच्या प्रदर्शनासाठी देत नाही. आपल्या घरातली आजी ‘माझंच तोंड वाईट, म्हणून फोटो निघत नाही’ असे म्हणून गप्प बसते, तेव्हा तिला ठामपणे सांगता यावे म्हणून देतो: आजी, तोंडात काही वाईट नाही. ज्यांनी यंत्राला पाहायला शिकवले, त्यांनी तुझ्यासारखी तोंडे त्याला पुरेशी दाखवलीच नाहीत.

याहून संतापजनक प्रकार पदराचा आहे. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रिया डोक्यावरचा पदर आयुष्यभर ढळू देत नाहीत. छायाचित्राच्या वेळी मात्र त्यांना खेकसून सांगितले जाते, ‘पदर काढा, कुंकू पुसा.’ त्या बिचाऱ्या परक्या पोरासमोर मान खाली घालून पदर काढतात, आणि मग खाली घातलेल्या त्या मानेमुळेच छायाचित्र नापास होते. वस्तुतः नियम काय आहे? ज्या आंतरराष्ट्रीय निकषांचा वर उल्लेख केला, ते सांगतात की डोके झाकलेले चालणार नाही, परंतु धार्मिक, वैद्यकीय किंवा सांस्कृतिक कारणासाठी त्या त्या राष्ट्राने मान्यता दिली असेल तर चालेल. आपल्याकडील पारपत्राच्या सूचनांतही धार्मिक कारणासाठी डोके झाकण्याची मुभा आहे. अट इतकीच, की हनुवटीच्या टोकापासून कपाळाच्या वरच्या कडेपर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या कडांपर्यंत चेहरा उघडा दिसला पाहिजे. म्हणजे पदर भांगापर्यंत मागे सरकवला, कानांमागे नेला आणि त्याची सावली कपाळावर पडू दिली नाही, तर अशा ठिकाणी हरकत घेण्यासारखे काही उरत नाही. एखाद्या परीक्षेचे किंवा संस्थेचे नियम याहून कडक असू शकतात. तसे असेल तर तो नियम छापील दाखवावा; खेकसणे म्हणजे नियम नव्हे. कुंकवाविषयी तर या निकषांत निषेधाचे अक्षरही नाही. तरीही कुंकू पुसायला सांगितले जाते. ते पुसणे म्हणजे काय, हे आपल्या समाजात कोणत्या स्त्रीला समजावून द्यावे लागेल?

पुरुषांच्या बाबतीत मात्र मला थोडे कडू बोलले पाहिजे. पांढरी टोपी आणि पांढरा सदरा हा आपल्या ज्येष्ठांचा अभिमान आहे. पांढऱ्या भिंतीसमोर ती टोपी आणि ते खांदे दिसेनासे होतात आणि अधांतरी मुंडके तेवढे उरते. टोपी हा शिरस्ता आहे, धर्म नव्हे. चित्रापुरती ती उतरवावी आणि गडद रंगाचा सदरा घालावा. पदर आणि टोपी यांना मी वेगळा न्याय लावतो, असा आक्षेप कोणी घेईल. टोपी उतरवून चारचौघांत बसणे पुरुषाला अपमानाचे वाटत नाही. पदर उतरवणे त्या पिढीतल्या बाईला वाटते. फरक तेवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

या ठिकाणी थोडा इतिहास आठवणे उपयुक्त ठरेल. कॅमेरा आपल्या देशात आला आणि फार लवकर राज्यकर्त्यांच्या हाती गेला. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन के यांनी १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत हिंदुस्थानातील जातीजमातींची चित्रे नमुन्यांसारखी मांडलेली आहेत. त्याच शतकाच्या नवव्या दशकात पॅरिसच्या पोलिसांतील बर्तियों याने गुन्हेगारांची समोरून आणि बाजूने छायाचित्रे घेण्याची पद्धत बसवली. आजच्या ओळखीच्या छायाचित्राची ती आजी म्हणावी लागेल. आपल्याच जिल्ह्यात, कुमरम भीमाच्या १९४० च्या उठावानंतर, १९४१ पासून ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने राजगोंडांमध्ये राहून त्यांची असंख्य छायाचित्रे घेतली. तो सहृदय होता. गोंडांच्या जमिनीसाठी त्याने निजाम सरकारकडे शब्दही टाकला. तरीही ती छायाचित्रे आज लंडनच्या संग्रहात आहेत. हेतू सत्तेचा असो, पोलिसांचा असो वा विद्येचा, या साऱ्या प्रकारांत कॅमेरा बाहेरच्याच्या हाती होता आणि आपण समोर बसलेले होतो. आज प्रथमच, ज्याचे चित्र घ्यायचे त्याच्याच घरात कॅमेरा आहे. नातीच्या हातात आहे. दीडशे वर्षांनी आलेली ही संधी ‘आम्हाला यातले काही कळत नाही’ म्हणून सोडून द्यायची काय?

कळण्यासारखे यात फारसे काही नाहीच. ज्याला पंगतीची पाने सरळ मांडता येतात, त्याला हे जमेल. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी किंवा दुपार कलल्यावर ओसरीवर, दाराकडे तोंड करून माणसाला बसवावे, म्हणजे उजेड समोरून आणि सारखा पडतो. डोक्यावरचा दिवा नको, कारण त्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात. कॅमेऱ्याचा फ्लॅशही नको. मागे पांढरी चादर किंवा धुऊन इस्त्री केलेले पांढरे धोतर ताणून बांधावे. चुन्याची भिंत चालते, पण आपल्याकडे चुन्यात नीळ घालतात आणि ती निळसर झाक चित्रात उतरते, याचे भान ठेवावे. माणूस भिंतीला टेकून बसू नये. दोन-अडीच हात पुढे असावे, म्हणजे सावली मागे पडत नाही.

मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर आणि निदान पाच फूट दूर धरावा. या अंतराला कारण आहे. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली गणिताने दाखवले, की फूटभर अंतरावरून घेतलेल्या चित्रात नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते. पाच फुटांवरून हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून स्वतःचे चित्र स्वतः हात लांब करून काढू नये. दुसऱ्याने, मागच्या कॅमेऱ्याने काढावे. ‘ब्यूटी’ नावाची सोय बंद करावी. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवावे, म्हणजे यंत्र भिंतीऐवजी चेहऱ्याचा उजेड मोजते. तरीही चेहरा काळा वाटल्यास बाजूला उमटणारी सूर्याची खूण जरा वर सरकवावी. वर सांगितलेल्या साऱ्या रंगकामाचे औषध हे एवढेच आहे. चष्मा काढावा, तोंड मिटावे, डोळे उघडे ठेवावेत, नजर सरळ असावी. तान्ह्या बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून चित्र घ्यावे. धरणाऱ्याचा हात त्यात येऊ देऊ नये. चित्र दुसऱ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, नाहीतर ते आक्रसते.

मग मापे. मतदारनोंदणीच्या नमुना ६ साठी साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पार्श्वभूमी पांढरी, आणि चित्रावर सही नको. पॅनकार्डाच्या कागदी अर्जाला साडेतीन बाय अडीच. नीट परीक्षेच्या माहितीपत्रकात ऐंशी टक्के चेहरा, तोही कानांसकट दिसावा, अशी अट असते. मुलगा अमेरिकेत असेल आणि आईवडिलांना तेथे जायचे असेल, तर चौरस चित्र लागते: दोन इंच बाय दोन इंच, हनुवटीपासून माथ्यापर्यंत २५ ते ३५ मिलिमीटर, गेल्या सहा महिन्यांतले, १ नोव्हेंबर २०१६ पासून तेथे चष्माही चालत नाही. चारही ठिकाणी चेहरा तोच, चौकट तेवढी वेगळी. म्हणून मूळ चित्र भोवती भरपूर जागा सोडून घ्यावे आणि मागाहून हवे तसे कापावे. चार बाय सहा इंचांच्या एका छापील कागदावर साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरची आठ चित्रे बसतात. म्हणजे कागजनगरच्या एका फेरीत घरातल्या आठ माणसांचे काम होते.

याविरुद्ध घेतले जाणारे आक्षेप मी टाळू इच्छीत नाही. पहिला आक्षेप फसवणुकीचा. घरी काढलेल्या चित्रात लबाडी करता येते, दोघांचे चेहरे एकात मिसळता येतात, हे खरे आहे. म्हणूनच जर्मनीने १ मे २०२५ पासून ओळखपत्रांसाठी कागदी चित्रे घेणे बंद केले. तेथे चित्र कचेरीतच घेतले जाते, किंवा मान्यताप्राप्त छायाचित्रकाराकडून सुरक्षित मार्गाने पाठवले जाते. आपल्याकडेही आधारसाठी चित्र केंद्रावरच घेतात; पहिले आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या खेड्यात दिले गेले, तेव्हापासूनचा हा रिवाज आहे. प्रौढांच्या पारपत्राचे चित्रही सेवा केंद्रातच निघते. कर्मचारी निवड आयोगाने २०२४ पासून अर्ज भरतानाच उमेदवाराचे चित्र घेण्याची पद्धत आणली. या व्यवस्थांशी माझे भांडण नाही. सरकारला स्वतःच्या डोळ्यांदेखत चित्र हवे असेल, तर त्याने अवश्य घ्यावे. मात्र मग कॅमेरा घेऊन सरकारने बेज्जूरला यावे, ऐंशी वर्षांच्या म्हातारीने सरकारकडे जाऊ नये. टेंभलीपर्यंत जाणे २०१० साली जमले होते, तर बेज्जूरपर्यंत येणे आज अशक्य नाही. आणि जेथे नियमच घरचे चित्र स्वीकारतो, तेथे दुकानदाराने ‘घरचे चालत नाही’ असे सांगणे ही शुद्ध थाप आहे.

दुसरा आक्षेप छायाचित्रकारांच्या पोटाचा. जुन्या स्टुडिओवाल्यांविषयी मला आदर आहे. उजेड कसा पाडावा, मान किती वळवावी, हे त्यांना कळत होते. लग्नाच्या चित्रांतून त्यांनी आपल्या दोन पिढ्या जपल्या. त्यांचा धंदा बसला तो आपण घरी चित्रे काढू लागलो म्हणून बसला, हे खरेही असेल. परंतु ज्या दुकानांविषयी मी बोलतो आहे, तेथे छायाचित्रकार नसतोच; असतो तो संगणकावर बसलेला मुलगा, ज्याला उजेड दिसत नाही आणि म्हातारीची मानही दिसत नाही. खऱ्या छायाचित्रकाराला मंडळाने मानधन देऊन शिकवायला बोलवावे. त्याचा मान त्यातच राहील.

तिसरा आक्षेप आपल्याच बैठकीतला: ‘एवढ्याशा फोटोसाठी एवढा गहजब कशाला? शंभर रुपये टाकावेत आणि मोकळे व्हावे.’ ज्यांच्या खिशात ते शंभर रुपये आहेत, ज्यांचा मुलगा गाडीवरून नेऊन आणतो, त्यांनाच हे बोलणे शोभते. ज्या बाईची दिवसाची मजुरी बुडते, चित्र नापास झाले की दुसऱ्यांदा बुडते, आणि का नापास झाले हे तिला कळेल अशा भाषेत कोणी सांगत नाही, तिच्यापुढे हे वाक्य उच्चारून पाहावे.

आता शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नकाराचे कारण. ‘फोटो रिजेक्ट’ एवढे दोन शब्द ऐकून आपण परत फिरतो. सावली पडली, चेहरा लहान आला की फाईल मोठी झाली, हे विचारतच नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. त्याच कलमात, माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषा लक्षात घ्यावी, असेही म्हटले आहे. भारतीय राज्यघटनेचे कलम ३५० प्रत्येक व्यक्तीला, संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, आपले गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. तेलंगणाच्या राजभाषा तेलुगू आणि उर्दू आहेत. त्या आपण शिकल्या आहेत, आणि त्यांच्याविषयी आपली कसलीही तक्रार नाही. पण आसिफाबादच्या कचेरीत मराठीत लिहिलेला अर्ज देणे हा आगाऊपणा नव्हे, घटनेने दिलेला अधिकार आहे. हा अधिकार आपल्यापैकी कितीजणांनी एकदा तरी वापरला आहे? मराठीच्या गौरवाची भाषणे टाळ्या मिळवतात. मराठीतला एक साधा अर्ज कारकुनापुढे ठेवायला मात्र आपले हात धजत नाहीत.

म्हणून मंडळापुढे माझा प्रस्ताव असा आहे. एक, वर सांगितलेली मापे आणि कृती यांचे एक पानी मराठी पत्रक काढावे, दरवर्षी नियम पडताळून ते सुधारावे, आणि तेलुगूत व गोंडीतही करून घ्यावे. शेजाऱ्याचा चेहरा अडला असताना आपला तेवढा सोडवून घेणे आपल्या परंपरेत बसत नाही. दोन, हयातीच्या दाखल्याचा नोव्हेंबर महिना येण्यापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, मंडळाच्या ओसरीवर दोन दिवस पांढरी चादर बांधावी, शिकलेल्या मुलामुलींना बसवावे आणि येईल त्याचे चित्र विनामूल्य काढून द्यावे. तीन, ज्याचे चित्र नाकारले जाईल त्याच्यासाठी कारण मागणारा मराठी अर्ज मंडळाने लिहून द्यावा आणि त्याची पोच मागून घ्यावी.

या तिन्ही गोष्टींना मिळून एखाद्या व्याख्यानाच्या हारतुऱ्यांइतकाही खर्च येणार नाही. आपल्या पूर्वजांनी या जंगलात वस्ती केली तेव्हा त्यांच्याजवळ ओळखपत्रे नव्हती. गाव त्यांना तोंडावरून ओळखत असे. आता गावाच्या जागी यंत्र आले आहे. ते यंत्र जी मापे मागेल ती आपण मिलिमीटरपर्यंत मोजून देऊ. पण त्या चौकटीत जे तोंड बसेल ते आपलेच असले पाहिजे, सुरकुतीसह, कुंकवासह आणि आपल्या मूळ रंगासह. यात तडजोड करण्याचे कारण मला तरी दिसत नाही.